सारकं करती

कोयनेच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला एक खोड जन्मभर चिकटते. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचं आणि भांड्यांकडे कान द्यायचा. फळीवरच्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणल्या, की समजायचं, हलली. मग आई चुलीपासून ओरडायची, "हालली गं!" आणि भिंतीपलीकडून मानेवहिनी उत्तर द्यायच्या, "व्हय, हालली!" एवढ्यावर विषय मिटायचा. आई परत भाकरी थापायला लागायची, वहिनी परत रेडिओचा आवाज वाढवायच्या. खरा मोठा भूकंप आमच्या घरच्या मोठ्यांनी सोसला होता आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. आमच्या वाट्याला आले ते बारीकसारीक हिसके, आणि त्यांचं आम्हाला घरी आलेल्या पाहुण्याइतकंही कौतुक नव्हतं. आज पुण्यात लेकाच्या घरी, सातव्या मजल्यावर, नुसता मिक्सर लागला तरी माझा हात आधी दुधाच्या पातेल्याकडे जातो. सून हसते. हसू दे.

आमचा बुद्धिबळाचा पट हा असा, हलत्या जमिनीवरचा. दादा, म्हणजे माझे वडील, वीजघरात पाळीवर होते. बदली होऊन जाणाऱ्या एका इंजिनिअर साहेबांनी सामान आवरताना तो पट दादांना देऊन टाकला होता. लाकडी, हाताच्या तेलानं गुळगुळीत झालेला. सोंगट्यांच्या बुडाला कापड नव्हतं, त्यामुळे जमीन जरा शहारली की सगळी फौज एका अंगाला सरकायची. एक काळा उंट हरवला होता. त्याच्या जागी दादांनी वीजघरातला चिनीमातीचा जळका फ्यूज उभा केला होता, आणि तो पांढरा असूनही इमानेइतबारे काळ्यांकडून लढायचा. दादांना दिवसपाळी असली की संध्याकाळी डाव मांडला जायचा. आत हुलग्याचं माडगं शिजत असायचं, नाचणीच्या भाकरी थापल्याचा थप थप आवाज यायचा, आणि बाहेरच्या खोलीत मी आणि दादा तोंडातून शब्द न काढता एकमेकांचा जीव घ्यायला बसलेले असायचो.

दादांचा एक नियम फार कडक होता. सोंगटीला बोट लागलं की तीच चालायची, मग रडा नाहीतर पाया पडा. पण जमीन हलली आणि फौज सरकली, तर तिला जागेवर आणायला हात लावावाच लागणार. म्हणून आमच्या घरात, नव्हे सगळ्या वसाहतीतच, एक शब्द ठरून गेला होता. हात लावायच्या आधी मोठ्यानं म्हणायचं, "सारकं करतो." मी मुलगी, म्हणून मी म्हणायची, "सारकं करती." आमच्याकडची बाई 'करते' म्हणत नाही, 'करती' म्हणते. पुढे शिकले, नोकरीत चारचौघांत शुद्ध बोलायला लागले, पण पटावर बसलं की अजून तोंडातून तेच येतं. शब्द उच्चारला की समोरचा मान हलवायचा, आणि मग मी हत्ती, घोडा, फ्यूज, ज्याला त्याला आपापल्या घरात नीट उभं करायची. ह्याच शब्दानं पुढे माझा घात केला, म्हणून त्याची इतकी फोड करून सांगते आहे.

आईला बुद्धिबळ डोळ्यांसमोर नको असायचं. "दोघं बी निस्ती बसून ऱ्हात्यात. बोलत न्हाईत, हालत न्हाईत. मला वाटतं घरात कोन तरी गेलंय," असं ती मानेवहिनींना सांगायची. मी शाळेच्या स्पर्धांत एकापाठोपाठ एक जिंकत गेले, हेडसरांनी घरी येऊन सांगितलं की पोरीला राज्याच्या निवडीला पाठवा, तेव्हा आईनं त्यांना चहा दिला, पोहे दिले, आणि ते गेल्यावर माझ्यापुढे अट ठेवली. "ह्या खेपंला निवड झाली तर खेळ. मी ब्र काढायची न्हाई. न्हाई झाली तर पट माळ्यावर, आन् तू शिवणाच्या क्लासला. बोल, कबूल?" मी कबूल म्हणून बसले. सोळा वर्षांची होते. आपण हरू शकतो ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरलेलीच नव्हती.

आता निवड होते कुठे, हे शोधायला पाहिजे. इथं आमच्या आयुष्यात संघटना शिरल्या. एक नव्हे, दोन. त्यांची खरी नावं मी सांगणार नाही. दोन्हींच्या नावात 'बुद्धिबळ' हा शब्द होता, दोन्हींच्या कागदावर 'अधिकृत' हा शब्द होता, आणि दोन्हींच्या शिक्क्यात घोड्याचं तोंड होतं. एकीचा घोडा डावीकडे बघायचा, दुसरीचा उजवीकडे. एक सांगलीत बसायची, एक साताऱ्यात. मानेवहिनींनी त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं पाडली, एका नवऱ्याच्या दोन बायका असाव्यात तशी. नवरा म्हणजे राज्याची संघटना, आणि तो दोघींनाही गुपचूप 'तूच माझी' असं पत्र धाडत असे. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे मिळून मुलींमधून एकीलाच पाठवायचं होतं, आणि त्या एका जागेसाठी दोघी बायकांनी एकाच रविवारी, एकाच वेळी, वेगवेगळ्या गावांत निवड ठेवली होती. दादांनी दोघींना पत्रं लिहिली की आपल्यातली खरी कोण. थोरलीचं उत्तर आलं, "आम्हीच अधिकृत." धाकटीचं उत्तर आलं, "आम्हीच अधिकृत, दुसऱ्या कोणाच्या नादी लागू नये."

दादांनी दोन्ही पाकिटं टेबलावर शेजारी ठेवली आणि अर्धा तास त्यांच्याकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "थोरलीकडं जायाचं."

"का?"

"तिकीट बघ. धाकटीनं वाकडं चिकटवलंय. ज्याला पाकिटावर तिकीट सरळ लावता येत न्हाई, तो माणूस स्पर्धा काय सरळ घेणार?"

माझ्या वडिलांनी ह्या देशातल्या क्रीडा-प्रशासनाचा असा अभ्यास केला आणि त्यावर माझं भवितव्य लावलं. आता ह्या वयात मला त्यांचा राग येत नाही, कारण नंतर मी मोठमोठ्या लोकांना ह्याहून पुष्कळ कमी पुराव्यावर निर्णय घेताना पाहिलं आहे. त्या दोन्ही संघटना आता राहिल्या नाहीत. मध्यंतरी दोन्हींची मिळून एक झाली, तेव्हा पेढे वाटले गेले. मग त्या एकीच्या तीन झाल्या. तिन्हींचे व्हॉट्सअॅपवर गट आहेत आणि तिन्हींनी मला आपापल्या गटात ओढून ठेवलं आहे. रोज सकाळी तिन्हीकडून फुलांचं चित्र येतं, सुप्रभात येतं, आणि खाली बारीक अक्षरांत, आम्हीच अधिकृत.

दादांना पाळी बदलून मिळाली नाही. त्यामुळे माझ्याबरोबर आई आली. शनिवारीच पाटण, कऱ्हाड करत आम्ही सांगलीला मावशीकडे उतरलो. घाटातल्या वळणांवर आईनं एसटीच्या खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून घेतले होते आणि मांडीवरचा डबा मात्र दोन्ही हातांनी धरला होता. डब्यात भाकरी, झुणका आणि लसणीचा ठेचा. स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीचं लग्न अजून भिंतींवरून उतरलं नव्हतं. स्टेजवर मागे थर्माकोलचं 'शुभविवाह' तसंच होतं आणि त्याखाली आमच्या स्पर्धेचा फलक. जेवणाच्या लांबलचक लोखंडी टेबलांवर पट मांडलेले, खाली पायाला अक्षता टोचत होत्या, आणि सगळ्या हॉलला मठ्ठ्याचा वास येत होता. आईला ते सगळं आवडलं. "जागा चांगली हाय. हवा लागती," म्हणून तिनं दारापाशी एक खुर्ची धरली.

नऊ वाजता सुरू होणारी स्पर्धा साडेअकराला सुरू झाली, कारण अध्यक्ष आले नव्हते. अध्यक्ष म्हणजे एका साखर कारखान्याचे संचालक. त्यांना अध्यक्ष व्हायची सवय होती. ते कुस्तीचे अध्यक्ष होते, खो-खोचे होते, भजनी मंडळाचे होते आणि गणेशोत्सवाचे तर होतेच, त्यामुळे बुद्धिबळानं त्यांना वगळणं बरं दिसलं नसतं. ते आले, हार घेतले, दोन्ही बाजूंना हात जोडले आणि मला अजून आठवतं, माईकसमोरच शेजारच्या सेक्रेटरीला त्यांनी विचारलं, "ह्यात औट कसं करत्यात?" सेक्रेटरी आप्पासाहेब त्यांच्या कानात काहीतरी बोलले. आप्पासाहेब हे पांढऱ्या सफारीतले, सदा घाम पुसणारे गृहस्थ, थोरली संघटना म्हणजे तेच. मग उद्घाटनाची चाल करायची वेळ आली. अध्यक्षांना एका पटासमोर उभं केलं. त्यांनी सगळ्या सोंगट्यांवरून एकदा हात फिरवला, सर्वांत उंच दिसली ती उचलली, म्हणजे राजा, आणि प्याद्यांच्या डोक्यावरून पलीकडे नेऊन पटाच्या मधोमध ठोकला. फोटो निघेपर्यंत सोडला नाही. "राजानं कसं, म्होरं जायाला पायजे," ते म्हणाले, आणि सगळ्या कार्यकारिणीनं टाळ्या वाजवल्या. मुख्य पंच बेडगेसरांनीही वाजवल्या. बेडगेसर एरवी शाळेत चित्रकला शिकवायचे, फार गरीब माणूस, त्यांच्या हातून कुणाचं वाईट होईल असं वाटत नसे.

पाच फेऱ्या होत्या. पहिल्या चार मी कशा खेळले ते विचारू नका, कारण मग मी सांगत बसेन. तीन जिंकले, एक बरोबरीत सुटली. पाचव्या फेरीला माझ्यासमोर मेधा आली. सांगलीचीच, दोन वेण्या, माझ्याहून वर्षानं लहान. तिचे चारच्या चार गुण झाले होते, त्यातला एक समोरची मुलगी न आल्यामुळे फुकटचा, पण ती माझ्यापुढे अर्ध्या गुणानं होती एवढं नक्की. म्हणजे मला जिंकायलाच हवं होतं. बरोबरी झाली तर ती राज्याला जाणार आणि मी शिवणाच्या क्लासला. मेधा ही आप्पासाहेबांची सख्खी भाची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईला मात्र दुपारी संघटनेच्या पंगतीत, आपला ठेचा वाटून खाता खाता, तीन अनोळखी बायकांकडून कळलं होतं.

मेधा चांगली खेळली. पण मी त्या दिवशी अंगात आल्यासारखी खेळले. तासाभरानं तिच्याकडे एक हत्ती आणि दोन प्यादी उरली होती, माझ्याकडे हत्ती, घोडा आणि एक प्यादं, आणि ते प्यादं सातव्या घरात जाऊन उभं होतं. पुढचं घर रिकामं. एक चाल, की वजीर. पाळी माझी होती. मी उगाच घाई करत नव्हते, दादांनी शिकवलं होतं, जिंकताना दोनदा बघ. आणि मी दोनदा बघत असतानाच, जेवून आतल्या खोलीत आडवे झालेले अध्यक्ष निघाले.

अध्यक्षांना दुसऱ्या कुठल्या तरी उद्घाटनाला जायचं होतं आणि जाता जाता त्यांना खेळाडूंबरोबर फोटो हवा होता. ते, त्यांच्या गळ्यातले हार, दोन्ही बाजूंना कार्यकारिणी, मागे फोटोग्राफर, असा सगळा लवाजमा डाव चालू असताना टेबलांच्या मधून शिरला. "बसा, बसा, कुणी उठू नका," असं आप्पासाहेब आम्हाला सांगत होते, जणू आम्ही पंगतीलाच बसलो होतो. आमच्या टेबलापाशी आल्यावर अध्यक्ष वळले आणि त्यांची कंबर टेबलाच्या कोपऱ्याला लागली. लोखंडी टेबल कुरकुरून हातभर सरकलं. एकही सोंगटी पडली नाही, पण सगळी फौज एका अंगाला गेली. माझा हत्ती दोन घरांच्या मध्ये, रेघेवर.

मला तर ते घरच्यासारखंच वाटलं. हलली. मी हात पुढे केला आणि नेहमीच्या सवयीनं, मोठ्यानं म्हणाले, "सारकं करती."

आणि हत्ती सरळ केला.

मेधाच्या पाठीमागे आप्पासाहेब फोटोसाठी उभे होते. ते खाली वाकले. तिच्या कानात काहीतरी म्हणाले. ती पोर गोंधळली, एकदा पटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग हात पुढे करून म्हणाली, "मान्य."

मला वाटलं, काय वळणाची मुलगी आहे! आमच्याकडे नुसती मान हलवतात, ही तोंडानं मान्य म्हणते आणि वर हातही मिळवते. सांगलीची रीत असेल. म्हणून मी तिचा हात हातात घेतला आणि छान हलवला. आज इतक्या वर्षांनी लिहिताना सुद्धा ह्या वाक्यापाशी माझा हात थांबतो. जगात दुसऱ्या कुठल्या गावची मुलगी अशी मूर्ख निघाली असेल का, मला माहीत नाही. आप्पासाहेबांनी घड्याळ थांबवलं, बेडगेसरांना हाक मारली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "पहिला पट, बरोबरी!"

मी रडले, ओरडले, हत्तीला हात का लावला ते सांगितलं. बेडगेसर म्हणाले, "बाळ, लेखी दे." लेखी, दोन प्रतींत, मधे कार्बन घालून. मी रडत रडत लिहिलं, त्यामुळे वरची प्रत ओली आणि खालची कोरी राहिली. मग अपील समिती बसली. आता समितीत कोण कोण होतं ते ऐका. अध्यक्षांच्या जागी आप्पासाहेब, म्हणजे ज्यांनी मान्य म्हणायला लावलं ते. तज्ज्ञ म्हणून बेडगेसर, म्हणजे ज्यांच्या निर्णयाविरुद्ध अपील होतं ते. आणि स्थानिक प्रतिनिधी म्हणून कार्यालयाचे मालक, कारण ते तिथेच उभे होते. स्टेजवर, त्या थर्माकोलच्या 'शुभविवाह'खाली तिघं बसले आणि समोर मी आणि आई उभ्या राहिलो. टेबलावर प्रमाणपत्रांचा गठ्ठा होता आणि पंख्याच्या वाऱ्यानं तो उडू नये म्हणून त्यावर नियमांचं जाड पुस्तक ठेवलेलं होतं.

बेडगेसरांनी घसा साफ केला. "मुलीचे शब्द होते, 'सारखं करते.' सारखं म्हणजे समान. समान म्हणजे बरोबरी. तिनं बरोबरीचा प्रस्ताव दिला असा त्याचा अर्थ होतो."

"प्रस्ताव आला, मान्य झाला, हात मिळाले," आप्पासाहेब म्हणाले. "तुमच्या मुलीनं हात दिला का नाही, बाई?"

मालक विचारात पडले होते. "तसं सारखं म्हंजे नेहमी असं बी हुतंय की. आता बघा, आमचा जावई सारखा येतो. तेचा बरोबरीशी काय संबंध न्हाई."

"ते इथं लागू नाही," बेडगेसर म्हणाले.

"न्हाई, मी आपलं सांगितलं."

आईनं पदर खोचला. "आवं साहेब, ही सकाळी उठून आतरून सारकं करती. डोक्यावरचा हंडा सारका करती. दुपारी तुमच्या पंगतीत पत्रावळ्या वाकड्या पडल्या हुत्या, त्या बी हिनंच सारक्या केल्या. तवा कुनासंगं बरोबरी मागत हुती ही? पत्रावळीसंगं?"

मालक हसले. आप्पासाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, तसे ते थांबले.

"बाई, खेळात ठरलेला शब्द असतो," आप्पासाहेब समजुतीनं म्हणाले. "सोंगटी नीट करायची तर तो शब्द म्हणावा लागतो. फ्रेंच शब्द आहे."

"कंचा?"

आप्पासाहेबांनी बेडगेसरांकडे बघितलं. बेडगेसर म्हणाले, "ज... जादू... जादूब."

"जदूब," आप्पासाहेबांनी दुरुस्ती केली.

"झाडूप?" मालकांनी विचारलं.

"तुमालाच तिघांना तीन तऱ्हनं येतोय," आई म्हणाली, "आन् माझ्या पोरीनं कोयनंत बसून शिकायचा व्हय? बरं, ऱ्हाऊ द्या. मला ह्यातलं काय कळत न्हाई. एवढंच सांगा, ते म्होरं गेल्यालं प्यादं पुढल्या चालीला वजीर हुनार हुतं का न्हाई?"

मी आईकडे बघत राहिले. दिवसभर दारापाशी खुर्ची टाकून ती हवा खात बसली होती असं मला वाटत होतं.

"हुतं की न्हाई?"

"तसं... होणार होतं," बेडगेसर म्हणाले. खरं बोलायची त्यांना शाळेपासूनची सवय असावी.

"मग जिंकत असल्याली पोर बरोबरी कशापायी मागंल? खुळी हाय का ती?"

पण प्रश्न बिनतोड असला म्हणून संघटनेचं अडत नाही. मालकांनी मनगट वर करून घड्याळ बघितलं आणि सहा वाजता हॉल साखरपुड्याला द्यायचा आहे अशी आठवण करून दिली. तिघांनी डोकी जवळ आणली. मग बेडगेसर उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी वाचून दाखवलं, "पंचांचा निर्णय पंचांनी एकमतानं कायम केला आहे." मी ते वाक्य अक्षर न् अक्षर पाठ करून ठेवलं आहे. तेव्हापासून ज्या ज्या संघटनेशी माझा संबंध आला तिचं सगळं कामकाज मला त्या एका वाक्यात सापडलं.

पुढे मी स्वतः पंचाची परीक्षा दिली. होय, माझ्याही कोटावर आता घोड्याचा बिल्ला आहे, आणि हसायचं असेल तर हसून घ्या. त्या परीक्षेसाठी मी तेच जाड पुस्तक पहिल्यांदा उघडलं. सोंगट्या नीट करण्याचा नियम शोधून काढला. त्यात एवढंच होतं की खेळाडूनं आपला हेतू आधी सांगावा, उदाहरणार्थ अमुक शब्द उच्चारून. उदाहरणार्थ! म्हणजे जदूब म्हणा, झाडूप म्हणा, सारकं करती म्हणा, समोरच्याला समजलं की झालं. हे सगळं त्या दिवशी आमच्यासमोरच होतं, टेबलावर, प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यावर. तिघांपैकी एकानं हात लांब करून ते उघडलं असतं तर पंख्यानं प्रमाणपत्रं उडाली असती, एवढीच काय ती अडचण होती. मी त्या दिवशी खूप वर्षांनी परत रडले, आणि ह्या खेपेला नुसती रागानं रडले.

आणि मेधाचं काय झालं? ती मला दहा वर्षांपूर्वी मिरजेत एका लग्नात भेटली. तिनंच ओळखलं. "मामा मागून म्हणाले, मान्य म्हण, म्हणून म्हटलं. मला कळलंच नाही काय मान्य करायचं ते," ती म्हणाली. मग तिनं मला पुढचं सांगितलं. ती थोरलीचं पत्र घेऊन राज्याच्या स्पर्धेला गेली. तिथे दारातच धाकटीची मुलगी धाकटीचं पत्र घेऊन उभी होती. राज्याच्या लोकांनी दोन्ही पत्रं बघितली, डावीकडचा घोडा बघितला, उजवीकडचा बघितला, आणि वाद मिटेपर्यंत दोघींनी बाहेर बसावं असं ठरवलं. वाद मिटायच्या आत स्पर्धा मिटली. दोघी तीन दिवस व्हरांड्यात बसून एकमेकींशी फुल्ली-गोळा खेळल्या. सातारा-सांगलीची खुर्ची आत रिकामी होती. "तू आली असतीस तर तुलाही बसवलं असतं," मेधा मला समजावत होती. मी म्हटलं, बसवलं असतं गं, पण मला माझ्या हक्कानं व्हरांड्यात बसायचं होतं! मग आम्ही दोघी इतक्या हसलो की लग्नातली माणसं बघायला लागली.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी आम्ही कोयनेला परतलो तेव्हा मला काहीच हसू येत नव्हतं. घरी आल्यावर आईनं चहा टाकला. दादा कामावरून आले, माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता हातपाय धुवायला गेले. कबूल केलं होतं, म्हणून मी सोंगट्या डब्यात भरल्या, फ्यूज वर ठेवला, पट काखेत मारला आणि माळ्याखाली स्टूल सरकवलं.

"कुठं चाललीस?" आई.

"माळ्यावर ठेवती. निवड न्हाई झाली."

"मी निवडीचं बोलली हुती. तितं निवड कुठं हुती? ते ठरल्यालं लगीन हुतं, पाटी सुदिक लावली हुती भितीवर." तिनं चहाची कपबशी माझ्यापुढे आपटली. "उतर खाली. आन् मांड ते."

"कुनासंगं? दादा जेवल्यावर..."

"माझ्यासंगं. त्या तिघांपरीस मला चार चाली जास्त आल्या पायजेत. परत कवा गाठ पडली तर."

दादा टॉवेल तोंडाशी धरून दारात उभे राहिले ते उभेच. आईला घोडा कसा चालतो ते शिकायला आठवडा लागला आणि तो तसा का चालतो हे तिला कधीच पटलं नाही. हरायला लागली की ती मला स्वयंपाकघरात काहीतरी जळतंय का बघायला पाठवायची. पण रोज संध्याकाळी, भाकरी उरकून, पदराला हात पुसत ती समोर येऊन बसायची. एक दिवस तिच्याकडे राजा, फ्यूज आणि एक प्यादं एवढंच उरलं असताना फळीवरच्या ताटल्या किणकिणल्या. भिंतीपलीकडून मानेवहिनी ओरडल्या, "हालली गं!" आईनं उत्तर दिलं नाही. सगळ्या सोंगट्या एका अंगाला गेल्या होत्या. तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "सारकं करती. बरोबरी न्हवं. आदीच सांगून ठेवती."

मी म्हणाले, "मान्य."

ती हसली नाही. तिनं फ्यूज उचलला, त्याच्या घरात मधोमध उभा केला आणि म्हणाली, "चाल आता."